अधूनमधून हरवणारी ठिणगी

शाळेच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हा अनुभव आलेला असतो. विजेची घंटा वर्गात वाजत नाही. म्हणून ती परत आणून टेबलावर ठेवावी, बटण दाबावे, तर खणखणीत वाजते. पुन्हा वर्गात न्यावी, तर पुन्हा गप्प. जे उपकरण पूर्ण बंद पडले आहे ते दुरुस्त करणे त्या मानाने सोपे. तारेचा एकेक तुकडा तपासत गेले की तुटलेली जागा सापडतेच. पण जो दोष कधी असतो आणि कधी नसतो, तो शोधायचा कसा? आपण शोधायला बसतो, त्या वेळी तो हजरच नसतो.

असाच एक दोष शोधण्याची वेळ आम्हा तिघा मित्रांवर मालवणजवळच्या देवबागला आली. उपकरण होते वॉटर स्कूटर. आमच्यापैकी एकाच्या ओळखीचा एक तरुण पर्यटकांना त्यावरून फेरी मारून आणतो. यंत्र जुने, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडरचे. त्याची तक्रार त्याच्याच शब्दांत सांगायची तर, "सर, चलता चलता बंद पडता, मगे आपणच चालू जाता." त्याने प्लग बदलले होते, मेस्त्रीकडून कार्ब्युरेटर साफ करून घेतला होता, उच्च दाबाची कॉइलही नवी बसवली होती. प्रत्येक दुरुस्तीनंतर यंत्र एक-दोन दिवस नीट चालल्यासारखे वाटे आणि मग पुन्हा तेच. पैसे गेले होतेच, पण त्याला खरी काळजी वेगळी होती. ती समजण्यासाठी हे वाहन चालते कसे ते आधी पाहू या.

सुकाणू नसलेले वाहन

अशा वाहनांचा इतिहास फार जुना नाही. कॅनडातल्या बाँबार्डिए कंपनीने १९६८ मध्ये 'सी-डू' नावाचे वाहन आणले. जपानच्या कावासाकी कंपनीने १९७३ मध्ये 'जेट स्की' बाजारात आणली. मुळात एका कंपनीचे असलेले हे नाव आज बरेच लोक अशा सगळ्याच वाहनांना वापरतात.

या वाहनाच्या बाहेर पंखा नसतो. तळाशी असलेल्या जाळीतून पाणी आत ओढले जाते, आतल्या बंदिस्त पंख्याने त्याला जोर मिळतो आणि मागच्या तोंडातून ते झोताच्या रूपाने बाहेर फेकले जाते. पाणी मागे, वाहन पुढे. न्यूटनचा तिसरा नियम इतक्या उघडपणे दुसरीकडे क्वचितच दिसतो. वळायचे असेल तर हँडल फिरवायचे. त्याबरोबर झोताचे तोंड डावीकडे किंवा उजवीकडे वळते. वेगळे सुकाणू नसते.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. इंजिन बंद पडले की झोत बंद, आणि झोत बंद झाला की वळणेही बंद. शिडाच्या किंवा वल्ह्याच्या होडीला वेग असेपर्यंत सुकाणू काम देते. येथे हँडल कितीही फिरवले तरी वाहन ज्या दिशेने जात होते त्याच दिशेने घसरत राहते. देवबाग ही जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे. तिच्या एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, आणि टोकाशी दोघांचा संगम. ओहोटीच्या वेळी पाणी मुखातून समुद्राकडे ओढ घेते. तिथे मागे एखादे लहान मूल बसलेले असताना इंजिन थांबले तर काय होईल, याची त्या तरुणाला चिंता होती. दोष सापडेपर्यंत त्याने यंत्र भाड्याने देणे बंद ठेवले होते. त्याचा हंगाम चालला होता, म्हणून आम्हालाही घाई होती. घाईत काय चूक होते ते पुढे येईलच.

ठिणगी तयार होते कशी?

या इंजिनात बॅटरी आहे, पण ती फक्त सुरू करण्यापुरती. ठिणगीसाठी लागणारी वीज इंजिन स्वतःच तयार करते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिले की तारेच्या वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलले की वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. इंजिनाच्या जड चाकात, म्हणजे फ्लायव्हीलमध्ये, चुंबक बसवलेले असतात. चाक फिरते तेव्हा ते आत स्थिर बसवलेल्या वेटोळ्यांवरून जातात. त्यांपैकी एका वेटोळ्यात दोनशे-तीनशे व्होल्ट दाब तयार होतो. त्याला आपण भारक वेटोळे म्हणू. हा दाब एका पेटीतल्या धारित्राला, म्हणजे कंडेन्सरला भारित करतो. पेटीला मेकॅनिक लोक 'सीडीआय' म्हणतात. दुसरे एक लहान वेटोळे पिस्टन योग्य जागी आल्याची खूण देते. खूण मिळताच पेटीतला इलेक्ट्रॉनिक स्विच चालू होतो आणि धारित्रातला सगळा भार एकदम उच्च दाबाच्या कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्यातून जातो. दुय्यम वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब उसळतो आणि प्लगच्या टोकांमध्ये ठिणगी पडते.

धारित्रातली ऊर्जा आपल्याला सहज काढता येते. धारित्र १ मायक्रोफॅरडचे आणि दाब ३०० व्होल्ट धरला, तर ½CV² या सूत्राने ४५ मिलिज्यूल येतात. दाब निम्मा, म्हणजे १५० व्होल्ट झाला तर ऊर्जा निम्मी होत नाही, चौथाई होते, कारण दाबाचा वर्ग घ्यावा लागतो. भारक वेटोळे थोडेसे अशक्त झाले तरी ठिणगी बरीच अशक्त होते, ते यामुळे.

टू-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्याला ज्वलन होते. मिनिटाला ६००० फेरे होत असतील तर एका सिलिंडरला सेकंदाला १०० ठिणग्या हव्यात. एखादा जोड अर्धा सेकंद जरी सुटला तरी ५० ठिणग्या गेल्या.

आणखी एक गोष्ट. बरेच जण प्लग बाहेर काढून इंजिनाच्या धातूला टेकवतात, इंजिन फिरवतात आणि ठिणगी दिसली की 'करंट आहे' असा निकाल देतात. हा निकाल अर्धवट आहे. हवेतून ठिणगी पडण्यासाठी लागणारा विद्युतदाब हवेचा दाब आणि टोकांमधले अंतर यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिश पाशेन यांनी १८८९ मध्ये हा नियम मांडला. (तापलेल्या वायूसाठी दाबाऐवजी घनता म्हणणे अधिक बरोबर.) उघड्या हवेत पाऊण मिलिमीटरच्या फटीला तीनेक हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये मिश्रण कितीतरी पट दाबलेले असते, तिथे त्याच फटीला दहा हजारांच्याही पुढे जावे लागते. म्हणून बाहेर ठिणगी पडते तेवढ्यावरून ती आतही पडते असे म्हणता येत नाही. उलटे मात्र खरे आहे. बाहेरच पडत नसेल तर आत पडण्याचा प्रश्नच नाही.

आमची पहिली चूक

पहिल्या दिवशी आम्ही दोन जागा संशयास्पद ठरवल्या. एक, इंजिनाची अर्थची तार. खाऱ्या हवेत तिच्या टोकाला हिरवट थर आला होता. दुसरी, इंजिन थांबवण्याचे बटण. या जातीच्या यंत्रात बटणाची जोडणी आपल्या घरातल्या दिव्याच्या उलट असते. बटणातली वाट जोडली गेली की ठिणगीची वीज जमिनीकडे वळते आणि इंजिन थांबते. चालकाच्या मनगटाला बांधलेली सुरक्षा दोरी याच बटणात अडकवलेली असते. चालक पडला की दोरी निघते आणि वाट जोडली जाते. आता बटणात खारट ओलावा साचला असेल, तर कोणी न दाबताही वीज थोडी थोडी तिकडे पळू शकते. संशय रास्त होता.

आम्ही अर्थचे टोक पॉलिश पेपरने घासले आणि बटणही उघडून, गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून बसवले. मग यंत्र धक्क्याला बांधून, आसन काढून, कमी वेगाने पंचवीस मिनिटे चालवले. ते एकदाही अडखळले नाही. आम्ही खुशीत जेवायला गेलो. संध्याकाळी तो तरुण एकटाच खाडीत फेरी मारायला गेला. बाराव्या मिनिटाला यंत्र बंद पडले आणि दुसऱ्या होडीने त्याला ओढून आणावे लागले.

चूक कोणती झाली? दोन गोष्टी आम्ही एकदम बदलल्या, ही एक. यंत्र चालले असते तरी कशामुळे चालले ते कळले नसते. दुसरी चूक याहून मोठी होती. परीक्षा घेताना परिस्थितीच बदलली होती. आसन काढल्याने आत वारा खेळत होता आणि वेग कमी होता. ज्या परिस्थितीत दोष येतो ती आम्ही निर्माणच केली नव्हती. दोष दिसला नाही, एवढेच आम्ही पाहिले होते. दोष गेला, असा त्याचा अर्थ आम्ही परस्पर लावला.

आधी वही, मग पाना

दुसऱ्या दिवशी आम्ही हत्यारे बाजूला ठेवली आणि वही काढली. भरतीच्या शांत पाण्यात, मुखापासून दूर, जीवरक्षक जाकीट घालून आणि सोबत एक होडी ठेवून यंत्र चालवले. प्रत्येक वेळी किती मिनिटे चालले, कसे थांबले आणि किती वेळाने सुरू झाले, ते लिहिले.

पहिल्यांदा ते ११ मिनिटे चालले. लगेच सुरू होईना, वीस मिनिटांनी झाले. या वेळी ८ मिनिटे चालले. पुन्हा बंद, पुन्हा वीस मिनिटे थांबलो आणि ते ७ मिनिटे चालले. त्यानंतर मुद्दामच बारा मिनिटांनी चावी फिरवली. ते सुरू झाले, पण ३ मिनिटांतच थांबले. दुपारी दोन तास विसावा दिला. मग पुन्हा ११ मिनिटे.

या आकड्यांकडे विद्यार्थ्यांना जरा वेळ पाहू द्यावे. त्यांना उत्तर सांगण्याची गरज पडणार नाही. विसावा जितका कमी तितकी पुढची धाव कमी. लाटांचे हादरे, पाण्याचे शिंतोडे किंवा सैल जोड यांचा दोष असता तर धावा वेड्यावाकड्या आल्या असत्या. येथे काहीतरी साठत होते आणि विसाव्यात ओसरत होते. ते म्हणजे उष्णता. थांबल्यावर यंत्र लगेच का सुरू होत नव्हते, याचेही उत्तर त्यातच आहे. इंजिन चालू असताना पंपाचे पाणी त्याला थंड ठेवते. ते थांबताच पाणीही थांबते आणि बंद आसनाखाली आसपासच्या भागांचे तापमान काही मिनिटे उलट वाढते.

आता प्रश्न एवढाच उरला, की गरम होऊन बिघडते ते काय?

इंधन की ठिणगी?

पेट्रोल कमी पडले की इंजिन सहसा कण्हत, अडखळत थांबते. ठिणगी गेली तर ते चावी बंद केल्यासारखे एकदम थांबते. आमचे यंत्र एकदम थांबत होते, पण कानावर सगळा भरवसा ठेवता येत नाही. गॅरेजमध्ये टायमिंग लाइट नावाचा दिवा असतो. त्याचा चिमटा प्लगच्या तारेवर लावला की ठिणगीची वीज तारेतून जाताना दर वेळी दिवा लुकलुकतो. यंत्र खोल पाण्यात धक्क्याला घट्ट बांधले, चिमट्याची तार आसनाच्या फटीतून बाहेर घेतली, आसन बंद केले आणि जोर देऊन चालवले. येथे एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि अशा वाहनाच्या तळाशी साचून राहते. म्हणून सुरू करण्याआधी दर वेळी आसन उघडून वारा खेळू द्यावा, वास येत असेल तर चावीला हात लावू नये.

दहाव्या मिनिटाला दिवा विझला, आणि त्यानंतर इंजिन थांबले. क्रम महत्त्वाचा आहे. पेट्रोल संपले असते तर चाक फिरत असेपर्यंत दिवा लुकलुकत राहिला असता. येथे चाक फिरत होते आणि दिवा मात्र अंधारला होता. कार्ब्युरेटर निर्दोष सुटला. दुसऱ्या सिलिंडरच्या तारेवर चिमटा लावून पाहिले, तिथेही तसेच. दोन्ही सिलिंडरची ठिणगी बरोबर जाते, तर दोष दोघांच्या सामाईक भागात असणार. प्लगांवरचा संशय बराच कमी झाला.

मग एकेक गोष्ट बदलली. थांबवण्याच्या बटणाचा जोड सोडवून ठेवला. (हे फक्त बांधलेल्या यंत्रावर, आणि चोक ओढून इंजिन बंद करायला एक जण तयार ठेवून. पाण्यात मोकळ्या सोडलेल्या यंत्रावर सुरक्षा दोरी निकामी करणे म्हणजे जिवाशी खेळ.) इंजिन तरीही दहाव्या मिनिटाला थांबले. बटण सुटले. जुनी कॉइल परत लावून पाहिली, तरी तसेच. म्हणजे नव्या कॉइलचे पैसे विनाकारण गेले होते. आता उरली वेटोळी आणि पेटी.

गरम असतानाच मोजा

मेस्त्रीने भारक वेटोळ्याचा रोध पूर्वीच मोजला होता आणि तो ठीक होता. पण मोजला होता थंड असताना. आम्ही इंजिन थांबताच जोड उघडून मल्टिमीटर लावला. अनंत! म्हणजे मंडल तुटलेले. खूण देणाऱ्या लहान वेटोळ्याचा रोध मात्र जागेवर होता. मीटर तसाच लावून ठेवला. चौदा मिनिटांनी काटा हलला आणि रोध परत आला.

खात्रीसाठी फ्लायव्हील उतरवून ते वेटोळे बाहेर काढले आणि हेअर ड्रायरने सावकाश तापवले. ३० अंश सेल्सिअसला रोध २०० ओहम होता. तो हळूहळू वाढत ७५ अंशांना २३५ झाला. घाईत कोणी म्हणेल, 'रोध वाढला, हाच दोष.' पण तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतोच. ४५ अंशांना साधारण १८ टक्के, म्हणजे दोनशेवर सुमारे ३५ ओहम. ही वाढ निसर्गनियमाने झालेली आहे. तापमान आणखी थोडे वाढले आणि रोध एकदम अनंत झाला. दोष तो हा.

आत काय घडत असावे? वेटोळ्याची तार केसासारखी बारीक, आणि ती रेझिनमध्ये ओतून पक्की केलेली. कुठेतरी तार तुटलेली आहे, पण थंड असताना तिची टोके एकमेकांना टेकलेली राहतात. तापल्यावर रेझिन तांब्याच्या काही पट प्रसरण पावते आणि टोके ओढली जातात. दहा सेंटिमीटर तांबे ६० अंशांनी तापले तर ०.१ मिलिमीटर वाढते. रेझिन त्याहून जास्त. मंडल तोडायला केसाएवढी फटसुद्धा पुरते. थंड झाल्यावर टोके परत टेकतात आणि दोष नाहीसा होतो.

नवे वेटोळे बसवले. पण पहिल्या दिवसाचा धडा आम्ही विसरलो नव्हतो. आसन बंद करून, पूर्ण जोराने, पूर्वीच्या सर्वांत लांब धावेच्या तिप्पट वेळ, असे तीनदा चालवले. यंत्र थांबले नाही. तरीही तो तरुण पुढचे काही दिवस एकटाच, किनाऱ्याजवळ आणि भरतीच्या वेळीच फिरत राहिला. मागे माणूस बसवला तो त्यानंतर. आमच्या मते आम्हा तिघांपेक्षा त्याची पद्धत अधिक शास्त्रीय होती.

वर्गात करून पाहण्यासारखे

यासाठी वॉटर स्कूटरची गरज नाही. एका काड्यापेटीत तारेचा एक जोड मुद्दाम सैल ठेवावा, पेटी चिकटवून बंद करावी आणि ती घंट व दिवा असलेल्या मंडलात जोडावी. विद्यार्थ्यांचे गट करून दोष शोधायला सांगावे. अटी तीनच. पहिली पंधरा मिनिटे कशालाही हात न लावता फक्त नोंदी करायच्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आणि 'दुरुस्त झाले' म्हणण्यापूर्वी दोष ज्या परिस्थितीत येत होता तीच परिस्थिती पुन्हा निर्माण करून दाखवायची.

वरच्या वर्गांना याच्या जोडीने बारीक इनॅमल तारेचे दोनशे-तीनशे वेढ्यांचे वेटोळे देता येईल. ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून गरम पाण्यात सोडावे, थर्मामीटर आणि मल्टिमीटर लावून रोध आणि तापमान यांचा आलेख काढावा. रेषा सरळ येते की नाही ते पाहावे. एखाद्या गटाचे वेटोळे मध्येच रोध अनंत दाखवू लागले तर ते लगेच फेकून देऊ नये. त्या गटाला शोधण्यासारखे काहीतरी सापडले आहे.